तिरकस बोलण्याचं अक्षर

६ जानेवारी

आज ‘ज्ञ’ कलला. चार वर्षं तो एकटाच हटवादी म्हाताऱ्यासारखा ताठ बसला होता. बाकी सगळी अक्षरं कधीच वळली होती. सकाळी चहा गार होऊ दिला, पण त्याला वळवलाच. कलती, माझी तिरकी अक्षरमाला, पूर्ण झाली! स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेते, कारण घरात दुसरं कुणी थोपटेल अशी चिन्हं नाहीत.

नवऱ्याला दाखवली. म्हणाला, “छान. आता सरळ कधी?”

हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटलेत. ज्याला त्याला सरळच हवं. अरे, सरळ अक्षरं बाजारात ढिगानं पडली आहेत. आपल्याकडे तिरकं अक्षर म्हणजे काय, तर कॉम्प्युटरचं एक बटण दाबायचं आणि सरळ अक्षराला बाजूनं धक्का मारायचा. असं अक्षर कलत नाही, पडतं. काना लुळा होतो, वेलांटीचा गळा आवळला जातो आणि ‘ळ’कडे तर बघवत नाही. माझ्या कलतीत ढकललेलं एकही अक्षर नाही. प्रत्येक नव्यानं काढलंय. शिरोरेघ आडवीच आहे, पण तिच्याखाली सगळं उजवीकडे झुकलेलं, चालता चालता कुणी मान वळवून बोलावं तसं. रोमन अक्षरांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे बारीक पावलं, असतात ना, तशी कान्याच्या तळाशी लहानशी टाच दिली आहे. जाड रेघ भरदार, पातळ रेघ केसासारखी. आणि अंगानं सडपातळ. दुसरी अक्षरं जिथे दोन ओळी खातात तिथे ही एका ओळीत आरामात बसते.

जाहिरात कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा साहेब म्हणाले होते की हिचा उपयोग काय, अत्तराच्या बाटलीवर आणि निमंत्रणावर. बघू या.

आईलाही दाखवली. तिनं चष्मा वर केला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, “सुंदर आहे. हिची कंबर धरली आहे का?”

मी मोबाईलवर लिहून दाखवलं, “आवडली का?”

“सुंदर म्हटलं ना! आता काय टाळ्या वाजवू?”

आईला तीन वर्षांपूर्वी एकाएकी ऐकू येईनासं झालं. कानातलं मशीन लावलं की डोक्यात पिठाची गिरणी सुरू होते म्हणते, म्हणून ते डबीत पडून आहे. आम्ही तिच्याशी मोबाईलवर लिहून बोलतो. ती मात्र तोंडानंच बोलते, आणि जरा मोठ्यानंच बोलते. जन्मभर मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या टोमण्यांना कंटाळून पेशंट लवकर बरे होऊन घरी पळायचे, असं मामा सांगतो.

११ जानेवारी

कलतीला पहिलं काम मी स्वतः शोधलं. बसून राहणाऱ्यांतली मी नाही.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नाटक कंपनी चालवतो. नाटक तोच लिहितो, तोच बसवतो आणि मुख्य भूमिकाही तोच करतो, कारण दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नाही. नवीन विनोदी नाटकाच्या तालमी सुरू आहेत. त्याला म्हटलं, रंगमंचाच्या वर एक लांब पट्टी लावू. नट बोलेल ते वाक्य तिच्यावर उजळेल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना नाटक बघता येईल. अक्षर माझं, मेहनत माझी, नाव तुझं.

मामा म्हणाला, “लोक नाटक बघायला येतात की वाचायला?”

“आई येईल.”

“ताईला कशाला दगदग?”

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी एका प्रयोगापुरता तयार झाला. पण एक तक्रार जरी आली तरी पट्टी उतरवायची, ही त्याची अट. मी म्हटलं, कबूल. तक्रार यायला अक्षरात खोट असावी लागते.

संध्याकाळी तो घरी येऊन गेला. दारातूनच आईला म्हणाला, “ताई! तब्येत! बरी! ना!” पलीकडच्या गच्चीवरच्या माणसाला हाक मारावी तसं.

“बरी आहे. तुझी दाढी कुणी कातरली, उंदरानं?”

मामा मान डोलावून म्हणाला, “बरं बरं. आराम कर.” आणि चहा घेऊन गेला. पूर्वी ही दोघं एकमेकांना भेटली की तासभर नुसती खणाखणी चालायची, शेवटी मला मध्ये पडावं लागायचं. आता मामा फारच समजूतदार झालाय. उलट शब्द बोलत नाही. घरात कसं शांत वाटतं.

१७ जानेवारी

आईला तालमीला घेऊन गेले. पट्टी अजून यायची आहे, पण म्हटलं वातावरण तरी बघू दे. आई खूप हसली! पहिल्या रांगेत बसून प्रत्येक विनोदाला हसली. सगळ्यांपेक्षा अंमळ मागून हसली, पण एकही सोडला नाही. ओठांवरून तिला बरंच समजत असणार. मला तर भरूनच आलं.

मामा म्हणाला, “बघ, ताईला पट्टीची गरजच नाही.”

मी म्हटलं, “हसतेय त्यापेक्षा दुप्पट हसेल, तू बघच.”

२४ जानेवारी

पट्टी आली, लावली आणि मी तोंडघशी पडले.

कागदावर राणीसारखी दिसणारी कलती उजेडाच्या अक्षरांत उघडीनागडी झाली. केसासारख्या पातळ रेघा दिव्यानं गिळून टाकल्या. उरले नुसते जाड दांडे, एका बाजूला झुकलेले. दिवेवाला शिडीवरून म्हणाला, “मॅडम, हे कुंपण कशाचं?”

नवरा लॅपटॉप धरून बाजूला उभा होता. तो हसला नाही, पण त्याला फार कष्ट पडले हे मला दिसलं.

ठीक आहे. कागदाचं अक्षर वेगळं, उजेडाचं वेगळं. पातळ रेघांना अंग भरायला हवं, टाचा जरा बोथट करायला हव्यात, ‘म’च्या पोटातली जागा मोकळी करायला हवी. सौंदर्य थोडं कमी होईल. जीव तुटतोय, पण करते. जी बाई चारचौघांत दिसतच नाही तिच्या सडपातळपणाचं कौतुक कोण करणार?

२९ जानेवारी

जाड केलेली कलती झकास उजळली. दिवेवाल्यानंही मान डोलावली. फक्त पहिला प्रवेश टाकला होता. आईला समोर बसवलं आणि परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशी बाजूला उभी राहिले.

आईनं सगळं वाचलं. मग म्हणाली, “सगळेच लाडात आल्यासारखे का बोलतायत?”

मी लिहिलं, “म्हणजे?”

“म्हणजे तो पोस्टमन. तो पत्र द्यायला आलाय की मागणी घालायला? आणि हा घरमालक. ‘नळ गळतोय’ असं सांगतोय, पण अक्षर बघून वाटतं की आता गाणं म्हणणार.”

अख्ख्या कंपनीसमोर! मला असा राग आला! घरी नवऱ्याला म्हटलं, “आईला अक्षरातलं काय कळतं?”

“अक्षरातलं नाही कळत,” तो म्हणाला, “पण आवाज ऐकू आला ना त्यांना.”

हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलतो आणि चारही माझ्या विरुद्ध.

३० जानेवारी

शांतपणे विचार केला. आई थोडी बरोबर आहे. थोडीच. सगळं जेवण गोड केलं तर गोडाला काय किंमत राहते? तिरकं अक्षर सरळ अक्षरांच्या शेजारी उभं राहिलं तरच तिरकं. बाजारातलं एक साधं सरळ अक्षर घेतलं आणि नाटक त्यात लावलं. पडद्यामागचे आवाज आणि गाणी तेवढी कलतीत, असा या धंद्यातला रिवाजच आहे. नवऱ्याची चार वर्षांची इच्छा पूर्ण झाली. त्यानं एक शब्दही काढला नाही, हे त्याचं नशीब.

४ फेब्रुवारी

आज तालमीत विचित्रच झालं.

दुसरा अंक सुरू होता. पट्टी चोख चालत होती, शब्द सरळ, स्वच्छ. त्यात एक दुःखाचा प्रवेश आहे. शेजारची गाणारी बाई सांगते की आवाज बसलाय, आता गाता येणार नाही. ती नटी मन लावून काम करते, तिच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. सगळे चिडीचूप. आणि पहिल्या रांगेतून आई खो खो हसली!

तालीम थांबली. नटी तशीच उभी राहिली, मग आत निघून गेली. आईनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिचा चेहरा एवढासा झाला. “घरी जाऊ,” म्हणाली. टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसली.

तिला काय झालं कोण जाणे. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं, आणि शब्द तर समोर लिहिलेले होते. वय झालं की असं होत असेल का?

नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, “आई रंगमंचाकडे बघतच नव्हत्या. बाजूला दिवेवाला मोबाईलवर काहीतरी बघून हसला. त्या त्याच्याकडे बघत होत्या.”

“मग?”

“मग काय? तो हसला म्हणून त्या हसल्या.”

५ फेब्रुवारी

सकाळी आईसमोर खुर्ची ओढून बसले आणि लिहिलं, “काल काय झालं ते खरं सांग.”

आधी तिनं उडवून लावलं. मग म्हणाली, “तुझ्या पट्टीवर सगळी माणसं खरं बोलतात गं. इतक्या खऱ्या माणसांचं नाटक कुणी बघायचं?”

मला काही समजलं नाही. तिनं समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. “पट्टीवर लिहून येतं, ‘काय सुंदर घर आहे तुमचं!’ मी म्हणते, असेल बाई सुंदर. आणि सगळे पोट धरून हसतात. म्हणजे तो टोमणा होता. मला कसं कळणार? शब्द दिसतात. चेष्टेनं म्हटलं की मनापासून, ते आवाजात असतं. म्हणून मी शेजारच्याकडे बघते. तो हसला की हसते. काल शेजारी चुकीचा निघाला.”

मी लिहिलं, “म्हणजे त्या दिवशीही?”

“त्या दिवशीही. तीन वर्षं हेच. लग्नांत, वाढदिवसांना, सगळीकडे. सगळे हसून झाले की मी हसते. घरी बरं आहे. घरी कुणी चेष्टाच करत नाही. तू आणि तुझा मामा माझ्याशी इस्पितळातल्या पाट्यांसारखं बोलता.”

मी उठून खिडकीशी गेले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आई पहिल्या दिवशी किती हसली म्हणून मीच इथे आनंदानं लिहून ठेवलंय. आणि ती बिचारी माझ्याच तोंडाकडे बघून हसत होती.

मग भांडी लावता लावता सुचलं, आणि हातातली ताटली सुटता सुटता राहिली. तिरकस! आपण काय म्हणतो? सरळ बोल, तिरकस बोलू नकोस. तो सरळ माणूस आहे, ही जरा तिरकी आहे. भाषेनं कधीच सांगून ठेवलंय आणि मी चार वर्षं तिरकं अक्षर घेऊन अत्तरवाल्यांच्या दारात फिरतेय! मनापासूनचं वाक्य सरळ अक्षरात. जीभ वाकडी झाली की कलतीत. झालं. कलतीचा खरा उपयोग सापडला, आणि तो जगात दुसऱ्या कुणाला सुचला नाही.

७ फेब्रुवारी

मामाशी कडाक्याचं भांडण, मग काम.

त्याचं म्हणणं, “आपल्या भाषेत ‘च’ आहे. कुठे जोर द्यायचा ते ‘च’ सांगतो. तिरकी अक्षरं ज्यांच्याकडे ‘च’ नाही त्यांना लागतात.”

मुद्दा चांगला होता, पण मीही त्याचीच भाची. म्हटलं, “‘च’ जोर देतो, टोमणा देत नाही. ‘तू हुशारच आहेस.’ सांग, हे कौतुक की बोलणी?”

तो म्हणाला, “म्हणणाऱ्यावर आहे.”

“आणि वाचणाऱ्यानं काय करायचं?”

आई तालमीत का हसली तेही मग सांगितलं. त्यानं टेबलावरची संहिता पुढे ओढली, पेन्सिल घेतली आणि म्हणाला, “चल, कोण कुठे वाकडं बोलतं ते बघू.”

दुपारभर बसलो. पाच ठिकाणी अडलो. शेवटच्या प्रवेशात त्याचं पात्र त्या गाणाऱ्या बाईला म्हणतं, “तुम्ही गात नाही तर घर कसं शांत वाटतं.” मी तिरकं लावायला निघाले, कारण तालमीत तो ते तसंच म्हणतो आणि हशा येतो. मामानं ते वाक्य पुन्हा एकदा पुटपुटून बघितलं. मग म्हणाला, “हे सरळ ठेव. त्याला घर खरंच सुनं वाटतंय. मी चुकीचं म्हणत होतो.”

१२ फेब्रुवारी

लॅपटॉपवर आईला चार वाक्यं दाखवली, दोन सरळ, दोन कलतीत. ‘काय सुंदर घर आहे तुमचं!’ कलतीत आलं आणि आईच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

“हा लबाड आहे,” ती म्हणाली. “घर भिकार आहे.”

मी घरात नाचलेच! नवऱ्याला हाक मारून पुन्हा करून दाखवलं. पुन्हा पास. तिरकं अक्षर म्हणजे नुसतं नटणं नव्हे, तो आवाज आहे, हे मी आता कुणालाही पटवून देईन.

आनंदाच्या भरात तिचं दुपारचं औषध राहिलं. मी मोबाईलवर लिहिलं, “गोळी घेतलीस का?”

तिनं वाचलं. “हे सरळ आहे की तिरकं?”

मी लिहिलं, “सरळ.”

“वाटलंच,” म्हणाली आणि गोळी घेतली.

तालमीला मात्र येत नाही म्हणते. थेट प्रयोगालाच येणार. त्या नटीसमोर कुठल्या तोंडानं बसू, म्हणते. प्रयोगालाही येईल ना, याची मला धास्ती आहे. आणि पट्टीवर तक्रार आली तर हाच पहिला आणि हाच शेवटचा.

१८ फेब्रुवारी

उद्या प्रयोग. आज रंगीत तालमीला नवी मांडणी पहिल्यांदा पट्टीवर यायची होती, तर तिची वायरच जळाली. दिवेवाल्यानं प्रयोगापर्यंत नवी बसवतो म्हणून शब्द दिला. मामाच्या पाचावर धारण बसली, मी निवांत. सगळी वाक्यं घरी वाचून तपासली आहेत. एक काना इकडचा तिकडे नाही.

२० फेब्रुवारी

कालचं आज लिहितेय.

नाट्यगृह भरलेलं. आई तिसऱ्या रांगेत कडेला, शेजारी नवरा. मी मागच्या खोलीत काचेआड, हाताखाली बटण. नट बोलला की दाबायचं, पुढचं वाक्य उजळतं. पहिला अंक लोण्यासारखा गेला. कलती दिसली की मी आईकडे बघायची. ती हसत होती, पण सवयीनं आधी शेजारी बघायची आणि मग हसायची. म्हटलं, ठीक आहे, तीन वर्षांची सवय एका अंकात कशी जाईल?

मग दुसऱ्या अंकातला मामाचा आवडता प्रसंग. शेजारीण दिवसरात्र गाते, मामाचं पात्र जेरीला आलेलं. ती लाजत विचारते, “कसं वाटतं माझं गाणं?” मामा म्हणतो, “वा! तुमचं गाणं सुरू झालं की मी हातातलं काम टाकून उठतो.” मग तो थांबतो. हे थांबणं म्हणजे त्याचा महिन्याभराचा उद्योग. तालमीत पन्नास वेळा थांबला असेल. बाई लाजून पार विरघळेपर्यंत थांबतो आणि मग म्हणतो, “खिडकी लावायला.”

मी बटण दाबलं. पट्टीवर उजळलं: वा! तुमचं गाणं सुरू झालं की मी हातातलं काम टाकून उठतो. खिडकी लावायला.

दोन्ही एकदम! सरळ अक्षरात पहिलं वाक्यच अख्खी पट्टी भरून टाकायचं, म्हणून “खिडकी लावायला” आपोआप पुढच्या वेळी बटण दाबल्यावर उजळायचं. मी ते कलतीत घातलं, आणि माझी लाडकी कलती अंगानं सडपातळ! दोन्ही वाक्यं एकाच वेळी पट्टीवर आरामात बसली. मी शब्द तपासले, ओळी तपासल्याच नाहीत. कपाळावर हात मारून घ्यायलाही हात उचलेना.

रंगमंचावर मामा थांबलेला. नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत, पट्टीकडे कुणीच नाही. कोण बघणार? ज्याला गरज आहे तोच बघतो.

आणि आई हसली. शेजारी न बघता, कुणाची वाट न बघता. इस्पितळाचा वॉर्ड दणाणून सोडणारं तिचं ते जुनं हसणं, डोकं मागे टाकून. सगळं नाट्यगृह तिच्याकडे वळलं. मामाही वळला. मला वाटलं, झालं, आता तो वाक्य विसरणार. तो तिच्या दिशेनं बघतच राहिला, आणि मग त्याच दिशेनं बघत म्हणाला, “खिडकी लावायला.”

मग जो हशा झाला तो काच असूनही मला कानांवर झेलावा लागला.

पुढचा प्रयोग कसा झाला ते आठवत नाही. बटणं दाबत होते एवढंच. पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत गेले. मामा टोप काढून हातात घेऊन बसला होता.

“माझं थांबणं खाल्लंस,” म्हणाला.

मी माफी मागायला लागले, कलती कशी अरुंद आहे, ओळ कशी जोडली गेली, सगळं सांगायला लागले. तो ऐकतच नव्हता. म्हणाला, “मला अंधारात काही दिसत नव्हतं. पण ते हसणं ओळखलं. मला वाटलं होतं तेही कानांबरोबर गेलं.” आणि टोपानंच डोळे पुसले.

तेवढ्यात आई आली, मागून नवरा. तिला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. बाहेर उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आज सगळे माझ्या मागून हसले!”

मग मामाच्या हाताकडे बघून, “आणि हा टोप कुठला? मेलेल्या मांजराचा?”

मामानं तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणणार, ताई, बरं, वाटलं, ना. पण त्यानं तोंड मिटलं, माझा मोबाईल ओढून घेतला आणि लिहून तिच्यापुढे धरला, “हो. मांजर जिवंत होतं तेव्हा अगदी तुझ्यावर गेलं होतं.”

मी घाबरलेच. ऐकू न येणाऱ्या मोठ्या बहिणीला हे काय बोलणं? आता ही चिडणार. आईनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि पर्सनं त्याच्या पाठीत एक दणका घातला. मग त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात हातात धरून ठेवला. नंतर मोबाईल त्या दोघांकडेच होता. मला अर्धा तास मिळाला नाही.

जाता जाता दारावरचा माणूस आला. म्हणाला, चौथ्या रांगेतल्या एका गृहस्थांची तक्रार आहे. पुढे बसलेल्या बाई विनोद व्हायच्या आधीच हसतात.

मी गारच पडले. एक तक्रार म्हणजे पट्टी खाली, ठरलेलंच होतं. मामाकडे बघितलं.

“तक्रार बाईंबद्दल आहे,” मामा त्या माणसाला म्हणाला, “पट्टीबद्दल नाही. आणि बाईंना उतरवणं मला जन्मात जमलं नाही.”

म्हणजे पट्टी राहिली! कलती राहिली. मी लगेच कामाचं बोलायला घेतलं. म्हटलं, पुढच्या प्रयोगाआधी ते वाक्य तोडून दोनदा बटण दाबल्यावर उजळेल असं करते, पाच मिनिटांचं काम आहे, तुझं थांबणं तुला परत.

तो दाराकडे बघत होता. तिथे आई त्या नटीला धरून काहीतरी सांगत होती आणि नटी हसत होती.

“ताई येणार असेल त्या दिवशी तोडू नकोस.”

“ती प्रत्येक प्रयोगाला येणार म्हणतेय.”

“मग राहू दे तसंच,” मामा म्हणाला.